पाऊस कोणाच्या पुण्याईने पडतो?

रोहिणी संपून मृग निघाला, म्हणजे आमच्या मराठवाड्यात लहानथोर सर्वांची दृष्टी आकाशाकडे लागते. उन्हाळी नांगरट होऊन राने उघडी पडलेली असतात, काडीकचरा वेचून झालेला असतो, बियाण्याची पिशवी घराच्या कोपऱ्यात येऊन बसलेली असते, आणि ती आणण्यासाठी काढलेले कर्ज धन्याच्या उशाशी येऊन बसलेले असते. अशा दिवसांत मनुष्याच्या मनात जे विचार येतात, ते वर्षाच्या इतर दिवसांत येत नाहीत. म्हणून ह्याच दिवसांत एक जुना प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींपुढे, आणि विशेषेकरून उपदेशकबंधूंपुढे, मांडावा असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा की, पाऊस कोणाच्या पुण्याईने पडतो, आणि पडला नाही तर तो कोणाच्या पापाने अडतो?

हा प्रश्न ज्याने आमच्यापुढे टाकला, तो आम्हांस शेतात भेटला नाही, बजाजनगरात भेटला. छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूज येथे 1985 साली बजाज कंपनीचा दुचाकी गाड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे त्याच्या आसपास लहानमोठे पुष्कळ कारखाने उभे राहिले, आणि कामगारांची जी वसाहत तेथे वाढली तिला बजाजनगर हे नाव पडले. तेथील मनुष्याचा दिवस सूर्याने मोजला जात नाही, कारखान्याच्या पाळीने मोजला जातो; त्याचा महिना चंद्राने सरत नाही, पगाराने सरतो. तथापि मृगाच्या दिवसांत तेथेही पहिल्या पाळीचा कामगार फाटकाबाहेर पडताच मान वर करून ढग पाहतो. कारण त्याचे शरीर जरी बजाजनगरात असले, तरी त्याचे आईबाप, त्याची दोनतीन एकर कोरडवाहू जमीन आणि त्याचे अर्धे मन कोठल्या तरी खेड्यात असते. आषाढी एकादशीस वाळूजजवळच्या लहान पंढरपुरास जाणाऱ्या दिंड्या त्याच रस्त्याने जातात, आणि त्यांतील वारकरीही विठ्ठलाजवळ मागतो ते बहुधा पाऊसपाणीच असते.

आता घडलेली गोष्ट सांगतो. तीत दोष आमचाच आहे, आणि तो झाकावयाचा नाही म्हणूनच ती येथे लिहीत आहो.

2014 आणि 2015 ही दोन वर्षे ओळीने मराठवाड्यास कोरडी गेली. 2015 साली तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत नेहमीच्या मानाने सुमारे 40 टक्के पाऊस कमी झाला. जूनमध्ये थोडे शिंतोडे पडले, लोकांनी घाईने पेरले, कोंब वर आले, आणि मग जो खंड पडला तो सरेना. ज्यांनी कर्ज काढून दुबार पेरणी केली त्यांचे दुसरे बीही मातीत जळाले. त्या ऑगस्ट महिन्यात एका खेड्यातील लहानशा मंडळीत पावसासाठी खास प्रार्थनेची सभा भरली, आणि उपदेशाचे काम आमच्याकडे आले. आम्ही यहोशवाच्या पुस्तकातील आखानाची गोष्ट घेतली. एका मनुष्याने शापित लूट तंबूत पुरून ठेवली आणि त्यामुळे सर्व इस्राएलास पराभव भोगावा लागला, हे सांगून आम्ही विचारले की, ह्या मंडळीतही असा कोणी आखान नाही ना, की ज्याच्या गुप्त पापामुळे देवाने आपले आकाश बंद केले आहे? उपदेश जोरदार झाला असे लोक म्हणाले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्याचा थोडा अभिमान वाटला.

त्या सभेत मागच्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचा आपल्या सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून तंटा होता आणि चारपाच वर्षे दोघांत बोलणे नव्हते. हे आम्हांस ठाऊक नव्हते. परंतु ठाऊक नव्हते म्हणून आमचा दोष कमी होत नाही. दसऱ्याच्या सुमारास ते व त्यांची पत्नी गाव सोडून बजाजनगरात मुलाकडे गेले. गावात खायला नाही म्हणून पुष्कळ जण त्या वर्षी गेले, तसे हेही गेले असावेत असे आम्ही समजलो.

पुढील वर्षी, म्हणजे 2016 साली, पाऊस चांगला झाला. सप्टेंबराच्या अखेरीस तर मराठवाड्यातील नद्यानाल्यांस पूर आले. त्या वर्षीच्या नाताळाच्या आधी आम्ही बजाजनगरात घरोघर भेटी देत असता त्या वृद्धांच्या खोलीवर गेलो. ते एका लहान कारखान्याच्या फाटकावर रात्रीची राखण करीत होते आणि नुकतेच घरी आले होते. चहा पुढे आला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर ते म्हणाले, “पाळकसाहेब, औंदा आपल्या गावाला पाणी चांगलं झालं म्हणत्यात.”

आम्ही म्हणालो, “होय बाबा, देवाने कृपा केली.”

ते म्हणाले, “मग तुम्ही म्हणला त्येच खरं. मी गाव सोडलं अन् पाऊस आला.”

हे त्यांनी रागाने म्हटले नाही, किंवा टोमणा मारावा म्हणूनही म्हटले नाही. हिशेब जुळला म्हणजे मनुष्य जसे शांतपणे बोलतो, तसे म्हटले. चौदापंधरा महिने तो वृद्ध मनुष्य रात्री फाटकावर बसून हा हिशेब करीत होता, की एका गावाचे आकाश आपण एकट्याने अडवून धरले होते. आमच्या हातातला चहा निवून गेला, आणि सेमिनरीत शिकलेल्या विद्येपैकी एक शब्दही त्या वेळी आमच्या उपयोगी पडला नाही.

वाचकहो, आमच्या वाडवडिलांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हा पुष्कळ गोष्टी सोडल्या. पाऊस लांबला म्हणजे गावात धोंडी काढतात, देव पाण्यात घालून ठेवतात. आम्ही ते करीत नाही. परंतु ज्या समजुतीने देव पाण्यात घालतात ती समजूत आम्ही सोडली आहे काय, हा खरा प्रश्न आहे. ती समजूत अशी की, आकाशातील पाणी हे कोणाच्या तरी पुण्याईचे वेतन आहे आणि दुष्काळ हा कोणाच्या तरी पापाचा दंड आहे. म्हणून पुण्य वाढवावे किंवा पापी हुडकून काढावा, म्हणजे पाऊस पडेल. ह्या समजुतीस शास्त्रवचनाचा पोशाख घातला म्हणून ती ख्रिस्ती होत नाही. आम्ही त्या दिवशी आखानाची गोष्ट सांगून जे केले, ते धोंडी काढण्याहून फारसे निराळे नव्हते. धोंडी काढणारे निदान लिंबाचा पाला अंगास बांधून घरोघर पाणी अंगावर घेतात. आम्ही तर एका म्हाताऱ्याच्या अंगावर दोन वर्षांचा दुष्काळ ओतला.

ह्यावर कोणी उपदेशकबंधू म्हणेल की, दुष्काळ हा पापाचा दंड आहे असे पवित्र शास्त्रातच सांगितले आहे. अनुवादात आज्ञापालनाबरोबर पावसाचे वचन दिले आहे, आणि अहाबाच्या दिवसांत एलीयाच्या शब्दाने पाऊस बंद झाला. हे खरे आहे, आणि ते लपवून ठेवणे योग्य नव्हे. परंतु एलीयाचीच गोष्ट पुढे वाचावी. आकाश बंद झाले तेव्हा ज्या ओहळाचे पाणी देवाचा संदेष्टा पीत होता तो ओहळही आटला. अहाब राजा पापी होता म्हणून एलीयास तहान लागावयाची राहिली नाही. मग देवाने त्यास सारफथ येथील परक्या मुलखातील एका विधवेकडे पाठविले, आणि मूठभर पीठ व थोडे तेल ह्यांवर तिघांचे दिवस निघाले. शिवाय एलीयास देवाकडून स्पष्ट आज्ञा झाली होती, आणि तो राजासमोर उभा राहून बोलला. गरीब शेतकऱ्यांच्या सभेत उभा राहून त्याने आखान शोधला नाही. आम्हांस तशी आज्ञा झालेली नाही. ज्यास आज्ञा नाही त्याने संदेष्ट्याचा झगा घालू नये.

आणि आमचा प्रभू काय शिकवितो ते पाहा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो आपल्या स्वर्गीय पित्याच्या चांगुलपणाची खूण म्हणून हेच सांगतो की, त्याचा सूर्य व त्याचा पाऊस भल्याबुऱ्यांत भेद करीत नाहीत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी होती हा तर्क त्याने साफ नाकारला, आणि ऐकणाऱ्यांस आपापल्या अंतःकरणाकडे पाहावयास लाविले. जन्मांध मनुष्यास पाहून पाप कोणाचे असे शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याने पापाचा हिशेब मांडला नाही; त्याचे डोळे उघडले. ईयोबाच्या मित्रांनी हाच हिशेब मांडला होता, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर झाला. आम्ही 2015 साली त्या मित्रांच्या पंक्तीस जाऊन बसलो होतो.

सृष्टीही हीच साक्ष देते. महाबळेश्वरास वर्षाकाठी 5500 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या भागात तो सातशेच्या आतबाहेर असतो. तर महाबळेश्वरचे लोक आमच्याहून सातआठ पटींनी पुण्यवान आहेत असे कोणी म्हणेल काय? समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीस अडून वर चढतो, थंड होतो आणि आपले बहुतेक ओझे तेथेच उतरवितो. घाट ओलांडून तो आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या गाठी थोडे पाणी उरते. आमचा मुलूख डोंगराच्या पाठीमागे आहे, देवाच्या पाठीमागे नव्हे. शंभर वर्षांपूर्वी, 1904 ते 1924 ह्या काळात, गिल्बर्ट वॉकर नावाचे विद्वान हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. आमच्या पावसाचा संबंध फार दूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाशी आहे, हे त्यांनी अनेक वर्षांचे आकडे ताडून दाखविले. पुढील शास्त्रज्ञांनी हे ज्ञान वाढविले, आणि आज आम्हांस ठाऊक आहे की, प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा अधिक तापते, आणि अशा वर्षी आमच्याकडे पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. त्यास एल निनो म्हणतात. 2015 हे तशा वर्षांपैकी एक मोठे वर्ष होते. जे पाणी हजारो कोसांवर तापत होते, त्याचा दोष आम्ही एका शेताच्या बांधावर शोधीत होतो!

पण मग प्रार्थना कशास करावयाची, असे कोणी विचारील. वारे आणि समुद्र नियमाने चालतात हे कळल्याने देव दूर जात नाही. उलट, जलप्रलयानंतर पेरणी व कापणी, उन्हाळा व हिवाळा ह्यांचा क्रम राखण्याचे जे अभिवचन देवाने नोहास दिले, ते ह्या नियमांच्याच रूपाने आम्ही रोज पाहतो. मूल बापाजवळ भाकरी मागते ते बापाचे माप अजमावण्यासाठी नव्हे, आणि आपल्या गुणांचा मोबदला म्हणूनही नव्हे. तो बाप आहे म्हणून मागते. तसाच पाऊस मागावा. परंतु पाऊस पडला तर आपली प्रार्थना पावली आणि पडला नाही तर शेजाऱ्याचे पाप आडवे आले, असा ताळेबंद जो ठेवतो, तो देवास बाप मानीत नाही, सावकार मानतो.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून आम्हांस मोठा धडा मिळतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान व धर्मनिष्ठ होते. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की, घरातील धन तीर्थयात्रा, अनुष्ठाने व दाने ह्यांत खर्च झाले, ते सर्व देवाची कृपा व्हावी ह्या आशेने. आणि 1870 नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत प्रथम वडील, मग आई व मग थोरली बहीण उपासमारीने व आजाराने गेली. पुण्याच्या हिशेबाने पाऊस पडत असता तर त्या कुटुंबावर तो प्रथम पडला असता. पुढे 1883 साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. 1896 व 1897 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा हा कोणाच्या पापाचा दंड आहे ह्याचा निवाडा करीत त्या बसल्या नाहीत. त्या तेथे गेल्या आणि निराधार विधवा व मुली ह्यांस घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हाही त्यांनी तसेच केले. त्यांच्यासाठी केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. ज्या बाईने आपल्या आईचा भुकेने झालेला मृत्यू पाहिला होता, तिने दुष्काळास विचारण्याचा योग्य प्रश्न ओळखला. तो प्रश्न, पापी कोण आहे, हा नव्हे. उपाशी कोण आहे, हा होय.

पवित्र शास्त्रातही असेच आहे. योसेफास मिसरातील दुष्काळ सात वर्षे आधी कळला, तेव्हा त्याने पाप्यांची यादी केली नाही, कोठारे बांधविली. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडेल असे सांगितले, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंस मदत पाठविली. आमच्यातील वडील माणसांस 1972 चा दुष्काळ आठवतो. तेव्हा मिलो ज्वारीची भाकरी व सुकडी खाऊन लोकांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले. त्या दुष्काळाची कारणे शोधण्यात ज्यांनी शेजाऱ्यास नावे ठेविली त्यांचे शब्द वाऱ्यावर गेले; ज्यांनी तलाव खोदले त्यांचे पाणी अजून कित्येक गावांच्या विहिरींस लागते.

तर मग दुष्काळात पापाचा काहीच संबंध नाही काय? आहे, परंतु तो आकाशात नाही, जमिनीवर आहे. पाऊस भल्याबुऱ्यांवर सारखा पडतो. पाणी मात्र सर्वांस सारखे मिळत नाही. पाऊस देवाच्या हातून खाली येईपर्यंत त्यात भेदभाव नसतो. तो जमिनीस लागला की आम्ही त्याचे मालक होतो. आमच्या वाडवडिलांपैकी पुष्कळांस गावच्या विहिरीवर चढण्याची बंदी होती. ज्या ढगाने विहीर भरली त्याने त्यांच्या झोपडीवरही पाणी टाकले होते. तरी विहिरीजवळ ओंजळ पसरून दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी लागे. 20 मार्च 1927 रोजी महाडास डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिऊन दाखविले, तेव्हा ते ह्याच पापाविरुद्ध साक्ष देत होते.

आजही हे पाप निराळ्या रूपांत आहे. पैठणास गोदावरीवर जे जायकवाडीचे धरण आहे, त्याचा पाया 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते घातला गेला आणि 1976 साली इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते ते खुले झाले. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी त्या नाथसागराखाली गेल्या. त्याचे पाणी शेतास, शहरास आणि वाळूजच्या कारखान्यांस जाते. ते आटू लागले म्हणजे वरच्या अंगाच्या धरणांतून खाली पाणी सोडावे की नाही ह्याबद्दल भाऊबंदकी सुरू होते. 2016 च्या एप्रिलात गावोगाव टँकर फिरत होते, तेव्हा मद्य गाळणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा हुकूम औरंगाबादच्या खंडपीठास द्यावा लागला. माणसे पाण्यावाचून असता दारूस पाणी पुरवावे की नाही, हे न्यायालयाने सांगावे लागते, ह्याहून अधिक मोठे पाप शोधावयास आखानाच्या तंबूत जाण्याची गरज नाही. आणि ज्याने शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार न करता सहाशेसातशे फूट बोअर घेतला, ज्याने आपल्या नळास मोटार लावून पुढच्या घराचे पाणी ओढले, त्यानेही पावसासाठी प्रार्थना करण्यापूर्वी थोडे थांबून विचार करावा.

उपदेशकबंधूंनो, ऋतू हे देवाचे पंचांग आहे, आणि ते वाचावयास शिकविणे हे आपले काम आहे. परदेशी मिशनरींच्या देशांत पुनरुत्थानाचा सण वसंतात येतो, तेव्हा तेथे झाडे हिरवी होत असतात. आमच्याकडे त्या वेळी जमिनीस भेगा पडलेल्या असतात. ह्याची खंत करू नये. उन्हाळी नांगरट करून ढेकळे उन्हात तापली, म्हणजे तणाच्या मुळ्या व किडींचे कोश मरतात, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. तर उघडी पडलेली, काहीही न देणारी जमीन रिकामी नसते, तिच्यात काम चाललेले असते, हे त्या सणाच्या दिवशी शिकवावे. पावसाळ्यात पेरणाऱ्याचा दाखला शिकवावा, आणि हेही सांगावे की, त्या दाखल्यातील पेरणाऱ्यास एकही बी परत घरी नेता आले नाही; पेरणे म्हणजे हातातले सोडणे होय. आणि हिवाळ्यात, शाळू पोटरीस येतो तेव्हा, काळ्या जमिनीचा धडा शिकवावा. शाळूवर पाऊस बहुधा पडत नाही. भाद्रपदात व आश्विनात काळीने जे पाणी पोटात धरून ठेवले असते त्यावर तो कणसात येतो. कृपेच्या दिवसांत जे धरून ठेवले ते कोरड्या दिवसांत दुसऱ्यास द्यावयाचे, हा तिचा धर्म आहे. बजाजनगरातील मुलांनी शाळू पाहिला नसेल तर त्यांस सुट्टीत खेड्यात न्यावे, आणि तेही होत नसेल तर शब्बाथशाळेच्या दाराशी एका डब्यात काळी माती घालून पाच दाणे पेरावे. पाच दाण्यांची शाळाही देव चालवितो.

आता त्या वृद्ध गृहस्थांची गोष्ट पुरी करितो. त्या दिवशी आम्ही काही न बोलता परत आलो. आठ दिवस झोप नीट आली नाही. नंतर पुन्हा बजाजनगरास गेलो, त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “बाबा, आकाश तुम्ही अडविले नव्हते. चूक आमच्या उपदेशाची होती. तुम्ही आम्हांस क्षमा करा.”

ते फार वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग बांधाचं काय, पाळकसाहेब? त्यो तर मीच कोरला व्हता.”

आम्ही म्हणालो, “बांधाचे पाप बांधापुरते आहे, बाबा. त्यासाठी आकाशाकडे पाहावयाचे नाही, भावाकडे जावयाचे.”

पुढील पुनरुत्थानाच्या सणास ते गावी गेले. दोघा भावांनी टेप धरून बांध मोजला आणि कोरलेली माती जेथली तेथे टाकली, असे आम्हांस नंतर कळले. त्या वर्षी त्या गावात पाऊस कसा झाला हे आम्ही मुद्दाम येथे सांगत नाही. वाचकहो, तो किती झाला हे जाणण्याची इच्छा तुम्हांस झाली असेल, तर समजा की जुनी समजूत अजून तुमच्याही मनात घर करून आहे, जशी ती आमच्या मनात होती.

आता मृग निघाला आहे, आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांत पावसासाठी प्रार्थना होतील. त्या अवश्य व्हाव्यात. परंतु आमची एक विनंती आहे. प्रार्थनेस उभे राहण्यापूर्वी उपदेशकाने सभेवर दृष्टी फिरवावी, आणि आखान कोठे बसला आहे हे न पाहता, कोणाच्या घरी बियाणे नाही, कोणाचे बी जळाले आहे आणि कोणाची घागर रिकामी आहे, हे पाहावे. आणि सभा सुटल्यावर आधी त्याच्या घरी जावे. जो देव भल्याबुऱ्यांवर एकच पाऊस पाडतो, तो आम्हां सर्वांस आपल्यासारखे हात उघडे ठेवावयास शिकवो. आमेन.